जपानी देवनागरीत लिहून शिकता येत नाही

जपानी शिकू पाहणाऱ्या मराठी मुलांना हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो: जपानी वर्णमाला मुळात आपलीच आहे, तेव्हा सगळं देवनागरीत लिहून घ्या. कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, ही तर हजारो चित्रं, ती पाठ करण्यात वर्षं घालवू नका. वाचायला फोन आहेच. हेतू चांगला असेल, पण या सल्ल्याने नवशिक्याचं नुकसान होतं.

'वर्णमाला आपलीच' हे निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं फार सुंदर आहे. जपानी अक्षरांच्या तक्त्याचा, म्हणजे गोजूओनचा क्रम बौद्ध भिक्षूंनी केलेल्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून आला. अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. 'न' आणि 'म' यांच्यामध्ये 'ह' कसा आला? तिथे पूर्वी 'प' होता. म्हणून आजही 'हा'च्या अक्षराला दोन बारीक रेघा दिल्या की 'बा' होतो आणि छोटा गोल दिला की 'पा'. हा क्रम आपल्याला आयता मिळतो, तो जरूर वापरावा. पण जपानीच्या हिरागाना आणि काताकाना या दोन्ही उच्चारानुसारी लिप्यांतल्या अक्षरांची वळणं चिनी अक्षरांतून आली आहेत: हिरागाना त्यांच्या जलद लिखाणातून, काताकाना त्यांच्या तुकड्यांतून. दोन्हींतली मूळ 46-46 अक्षरं गिरवावीच लागतात.

देवनागरीत 'सगळं' लिहिताही येत नाही. आपल्याकडे ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ अशी दोन रूपं नाहीत. जपानीत हा फरक अर्थ बदलतो. 'कोको' म्हणजे इथे. दोन्ही ओ लांबवले की तेच हायस्कूल. वहीत दोन्ही सारखेच उतरतात. शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिण्याची आपली सवय आणखी घोळ घालते. अकार वाचताना आपण गाळतो म्हणून सगळीकडे काना देतो, आणि मग मावशी-आत्या (ओबासान) आणि आजी (ओबाआसान) यांतला फरक वहीतून पुसला जातो. हिरागानात लांबवलेला स्वर वेगळं अक्षर म्हणून समोर उभा राहतो, त्यामुळे तो विसरता येत नाही.

आता कांजी. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली यादी 2,136 कांजींची आहे. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत 1,026, पहिलीत फक्त 80. जपानी मुलंही हळूहळूच शिकतात. आणि ती सुटी चित्रं नाहीत. झाड दोनदा काढलं की वनराई, तीनदा काढलं की घनदाट अरण्य, अशी सोपी उदाहरणं थोडी. बहुसंख्य कांजींत एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. निळ्याची कांजी 'सेइ' अशी वाचतात. तिच्या डावीकडे पाणी आलं तर 'स्वच्छ', सूर्य आला तर 'निरभ्र', आणि दोन्हींचं वाचन पुन्हा 'सेइ'. हे भाग ओळखू आले की पाठांतराचं ओझं बरंच उतरतं. मात्र एका कांजीची सगळी वाचनं एकदम घोकू नयेत, शब्दासकट शिकावीत. रविवार म्हणजे 'निचियोबी'. त्यात एकच कांजी सुरुवातीला 'निचि' आणि शेवटी 'बी' होते.

फोनवर 'हाशि' टाइप केलं की पूल, चॉपस्टिक आणि कडा असे पर्याय समोर येतात; कांजी ओळखता येत नसेल तर निवडणार काय? जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या सर्वांत सोप्या एन-5 पातळीवरही प्रश्न हिरागाना, काताकाना आणि थोड्या कांजींतच असतात.

त्या परीक्षेत हाताने लिहावं लागत नाही, म्हणून नुसतं बघून शिका, असंही सांगतात. सुरुवातीला हे करू नये. काताकानात 'शि' आणि 'त्सु' जवळजवळ सारखे दिसतात, तसेच 'सो' आणि शेवटचा 'न्'. 'शि' आणि 'न्' यांची लांब रेघ खालून वर जाते, 'त्सु' आणि 'सो' यांची वरून खाली उतरते. हाताने लिहून पाहिलं की ही दिशा लक्षात राहते. नुसतं बघणारे मात्र या जोड्यांत पुन्हापुन्हा चुकतात.