पुढचा ब्रेक दाबला की दुचाकी उलटते? नाही

‘नवशिक्याने फक्त मागचा ब्रेक वापरावा, पुढचा दाबला की माणूस हँडलवरून फेकला जातो’ असा सल्ला सर्रास फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि घातकही.

ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. नुसता मागचा जोरात दाबला तर ते हलकं चाक लॉक होऊन घसरतं आणि थांबायला अंतर कितीतरी जास्त लागतं.

मग माणसं पडतात का? पडतात, कारण लिव्हर झटक्यात आवळतात. तेही हँडल वळलेलं असताना किंवा वाळू, खडी, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर. म्हणून आधी हँडल सरळ, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) बंद. दोन बोटांनी लिव्हर हलका ओढा, पुढचं सस्पेन्शन दबलं की जोर वाढवा. मागचा सोबत, पण बेताने. क्लच अगदी शेवटी. मोकळ्या मैदानात ताशी 20 किमी वेगाने सुरुवात करा, हात बसला की 30.

पहिली गाडी घेताना हेही विचारा. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. त्याखालच्यांना निदान सीबीएस, ज्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. सिंगल चॅनल एबीएस सहसा पुढच्याच चाकाला असतं, मागचं लॉक होऊ शकतं. परवडत असेल तर दोन्ही चाकांना एबीएस असलेलं ड्युअल चॅनल घ्या.