मॅमोग्राफीनंतर सोनोग्राफी का सुचवली: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोथरूडमधील आमच्या केंद्राविषयी आपण लिहिलेला अभिप्राय या केंद्राची संचालक आणि रेडिओलॉजिस्ट म्हणून मी काळजीपूर्वक वाचला. स्तनात गाठ हाताला लागते म्हणून आपण ४३व्या वर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, करून घेतली, तपासणीत फार दुखले, रिपोर्टवर ‘बायरॅड्स ०’ पाहून आपण घाबरलात आणि सोनोग्राफी सुचवणे हा बिल वाढवण्याचा प्रकार वाटल्याने ती न करताच परतलात, असे आपण म्हटले आहे. रुग्णाच्या रिपोर्टची चर्चा मी जाहीरपणे करणार नाही. आपण स्वतः लिहिले आहे तेवढ्यापुरतेच उत्तर देते.

बायरॅड्स ही स्तनांच्या तपासणीचा निष्कर्ष आकड्यांच्या वर्गांत सांगण्याची पद्धत आहे. त्यातील ० म्हणजे कर्करोग नव्हे. उपलब्ध चित्रांवरून निष्कर्ष काढता येत नाही, आणखी चित्रे किंवा जुन्या फिल्म पाहायला हव्यात, एवढाच त्याचा अर्थ असतो. संशयास्पद निष्कर्षासाठी ४ आणि ५ हे वर्ग आहेत आणि तेथे बहुधा बायोप्सी सुचवली जाते.

मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते, ग्रंथींचा भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. त्यामुळे ज्यांच्या स्तनांत ग्रंथींचे प्रमाण जास्त आहे, अशा स्त्रियांमध्ये हाताला स्पष्ट लागणारी गाठसुद्धा चित्रात झाकली जाऊ शकते. सोनोग्राफीत ती गाठ पाण्याची आहे की भरीव, तिच्या कडा कशा आहेत, हे नेमक्या त्या जागी प्रोब ठेवून पाहता येते. म्हणूनच गाठ हाताला लागत असेल, तर मॅमोग्राफी स्वच्छ आली तरी सोनोग्राफी सुचवणे हेच योग्य वैद्यकीय आचरण आहे, आणि उद्या माझी सख्खी बहीण आली तरी मी तिला हेच सांगेन.

आपल्या २७ वर्षांच्या मैत्रिणीचे काम केवळ सोनोग्राफीत झाले, हे खरे असेल. तिशीच्या आत सुरुवात सोनोग्राफीनेच करतात, कारण त्या वयात स्तन सहसा दाट असतात आणि क्ष-किरण शक्यतो टाळले जातात. चाळिशीनंतर मात्र मॅमोग्राफी वगळता येत नाही. कॅल्शियमचे सूक्ष्म कण, जे काही वेळा अगदी सुरुवातीच्या कर्करोगाची एकमेव खूण असतात, ते मॅमोग्राफीत दिसतात आणि सोनोग्राफीत अनेकदा निसटतात.

आपल्याला वेदना झाल्या याचे मला मनापासून वाईट वाटते. काही सेकंदांचा तो दाब टाळता येत नाही, कारण त्यामुळेच एकावर एक आलेले थर पसरतात, चित्र हलत नाही आणि किरणांची मात्राही कमी लागते. पाळी अजून नियमित असल्यास ती संपल्यानंतरच्या आठवड्यात हा त्रास बराच कमी होतो.

दोन्ही तपासण्यांचे दर काउंटरवर लावलेले आहेत; त्याविषयी अधिक लिहीत नाही. माझी खरी काळजी आपल्या राहिलेल्या तपासणीची आहे. ती आमच्याकडेच करावी असा माझा मुळीच आग्रह नाही. पुण्यात आपला विश्वास असेल त्या केंद्रात जा, मॅमोग्राफीच्या फिल्म आणि रिपोर्ट सोबत न्या, गाठ नेमकी कोठे लागते ते तेथील डॉक्टरांना बोटाने दाखवा, आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन आपल्या सर्जनना याच आठवड्यात भेटा. त्या डॉक्टरांना आमच्या चित्रांबाबत काही विचारायचे असल्यास मी स्वतः त्यांच्याशी बोलेन.