अंगठा छाट

सासूबाईंचं जनधन खातं म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात गरीब जीव. किमान शिल्लकसुद्धा मागत नाही. २०१४ मध्ये योजना निघाली तेव्हाच उघडलेलं. सोबतचं रुपे कार्ड मात्र त्यांनी ज्वारीच्या डब्यात पुरलं. त्यावर अपघाताचा विमा असतो असं कुणीतरी सांगितलं होतं. "अपघाताचं कार्ड घेऊन कशाला हिंडायचं?"

दहा वर्षांनी ह्या गरीब जीवाने शिंगं दाखवली. श्रावणबाळ पेन्शनचे दीड हजार खात्यात आलेले, पण काढता येईनात. केवायसी पुन्हा करायची म्हणे. शाळेचे युनिफॉर्म शिवते मी. बाराच्या बारा पँटी बिनपायाच्या टाकून आम्ही रिक्षात बसलो.

बँकेत सासूबाईंनी मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पदराला पुसून ठेवला, लाल. थुंकी लावून, केसांवर घासून, तरी लालच. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आज्जी, जरा घट्ट दाबा की."

चाळीस वर्षं विड्या वळल्या, हजार झाल्याशिवाय सूप मांडीवरून खाली नाही. पानाची तोंडं ह्याच अंगठ्याने मुडपली. त्यावरच्या रेषा केव्हाच कारखान्यात जमा झाल्यात.

"कारखान्यात खराब विड्या छाट करायचे," सासूबाई म्हणाल्या, "इथं अंगठाच छाट केला की ओ!"

रांगेत हशा पिकला. मागच्या चौघी मात्र हसता हसता आपापले अंगठे बघायला लागल्या.

मग आधार केंद्र. टोकन संपलेलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर काम भागलं. "आज्जी, डोळे उघडे ठेवा." "पैशाच्या कामात मी कधी मिटलेत रे?" मग पुन्हा बँक.

हिशोब मी पँटीच्या कापडावर खडूने मांडला: रिक्षाचे १६०, फोटोचे ५०, झेरॉक्सचे ८, माझी दोन दिवसांची शिलाई वेगळीच. खातं फुकट, फक्त तिथवर पोचायला पैसे लागतात.

ह्याउलट आमचा पिग्मीवाला. दिवेलागणीला दारात, रोजचे वीस रुपये, डायरीत नोंद, अर्धा कप चहा. अंगठा नाही, डोळा नाही. मी सांगून पाहिलं, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, ह्याच्या पतसंस्थेला तो नाही. सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आधी पाच लाख आण. मग बघू कुठं ठेवायचे."

दीड हजारातले पाचशे काढून आम्ही घरी आलो, तर तो पायरीवरच बसलेला. सासूबाईंनी पाचशेची नोट पुढे केली. सुट्टे नव्हते त्याच्याकडे.

"असू दे," त्या म्हणाल्या, "पंचवीस दिवसांचे आगाऊ मांड."

मी रिक्षाच्या हिशोबाखाली खडूने आणखी एक आकडा लिहिला आणि चहा ठेवायला उठले.