मेल आलाय ना, मग उघडा की!

अनोळखी माणूस दारात पेढे घेऊन आला तर आपण चार प्रश्न विचारतो, कुठले हो तुम्ही, कोणाकडे आलात, पण मेलमधून अटॅचमेंट आली की असल्या चौकश्या करायच्या नाहीत, सरळ डबल क्लिक. नाशिककर माणूस पाहुणचारात कमी पडतो की काय! फाईलच्या नावात पीडीएफच्या मागे ईएक्सई, म्हणजे उघडताच चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची शेपटी, चिकटलंय का, तेही बघू नका. विंडोज ती शेपटी मुळातच लपवून ठेवतं, तुम्ही कशाला सेटिंगमध्ये जाऊन उघडी पाडताय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मे २००० मध्ये जगभरच्या लोकांनी हेच केलं. 'आय लव्ह यू' असा मेल, सोबत प्रेमपत्र, दिसायला साधी टेक्स्ट फाईल, मागचं व्हीबीएस, म्हणजे तीही प्रोग्रॅमचीच शेपटी, कोणाला दिसलंच नाही, आणि उघडल्यावर आउटलुकच्या ॲड्रेस बुकात जेवढे म्हणून होते तेवढ्यांना तेच प्रेमपत्र गेलं, म्हणजे साहेबांना, व्याह्यांना, सगळ्यांना. कॉम्प्युटरमधले जेपीजी फोटो पुसले गेले ते वेगळेच. पण ओळखीच्या माणसाकडून आलंय म्हणजे विश्वास ठेवायलाच हवा ना!

वॉर्निंगचा मेल आला तर मात्र जराही थांबू नका. २००२ मध्ये असाच एक फिरत होता, की कॉम्प्युटरमध्ये अस्वलाचं चित्र असलेली फाईल सापडली तर तो व्हायरस, डिलीट करा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. फाईल विंडोजचीच होती. लोकांनी स्वतःच्या हाताने उडवली. व्हायरस लिहायचे कष्टसुद्धा कोणाला पडले नाहीत, बोला!

आता ऑफिसच्या टेक्निकल ग्रुपवर मदत मागायची रीत. सब्जेक्टमध्ये फक्त 'अर्जंट'. एरर काय आला ते लिहायचं नाही, समोरच्याला ओळखू द्या, हुशार लोक आहेत ते. फारच आग्रह झाला तर स्क्रीनचा मोबाईलने तिरका फोटो काढून पाठवा, त्यात मागचा पंखा आला पाहिजे. उत्तर मिळालं की रिप्लाय ऑल करून 'थँक्स', खाली आधीचे सगळे मेल जसेच्या तसे. सही चार ओळींच्या वर नको असं १९९५ च्या आरएफसी १८५५ मध्येच, म्हणजे इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या नियमावलीत, लिहून ठेवलंय, पण ती काय आपल्यासाठी थोडीच आहे, आपल्या सहीत हुद्दा, दोन मोबाईल, कंपनीचा लोगो आणि 'कागद वाचवा, झाडे जगवा' एवढं तरी हवंच.

परवाच्या शनिवारी सातपूरला मिसळ खात बसलो होतो, तर्री पुन्हा मागवली तेवढ्यात फोन वाजला. अंबडच्या ऑफिसातला मित्र, मेल ग्रुपवर, सोबत कुठल्यातरी अनोळखी पार्टीचं बिल, आणि वर एकच ओळ: "माझ्याकडे ही फाईल उघडत नाहीये, तुमच्यापैकी कोणाकडे उघडते का बघा बरं."

पाव संपेपर्यंत सात रिप्लाय आले होते. सगळे रिप्लाय ऑल. "नाही रे, आमच्याकडे पण नाही उघडली."