ड्वार्फ विझार्ड चालतो, तो मेसेज जुन्या नियमांचा आहे

मंडळी, वाशी-ऐरोलीच्या आणि ठाण्याच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय की डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (टेबलाभोवती बसून आपापलं कॅरेक्टर घेऊन खेळायचा गेम) ड्वार्फ (बुटक्यांची जमात) विझार्ड (जादूगार) होऊ शकत नाही, पॅलाडिन (धर्मयोद्धा) फक्त माणूसच, रविवारी सीवूड्सला खेळायला येणाऱ्या नवीन पोरांनी कॅरेक्टर बदलून आणा. असं काही नाहीये. मेसेजसोबतचा तक्ता खरा आहे पण 1978 च्या प्लेयर्स हँडबुकातला, नीट बघा, त्यात 'मॅजिक-यूजर' लिहिलंय, आपल्या एडिशनमध्ये (नियमांच्या आवृत्तीत) या नावाचा क्लासच (कॅरेक्टरचा पेशा) नाही. तेव्हा नुसती बंदी नव्हती तर लेव्हलवर पण कॅप, हाफलिंग (आणखी एक बुटकी जमात) फायटर कितीही तगडा असला तरी 6 व्या लेव्हलला गाडी बंद, माणसाला मात्र मोकळं रान (बॅलन्सच्या नावाखाली सरळ पक्षपात, माझं मत). 1989 च्या दुसऱ्या एडिशनमध्येही हेच थोडंफार चालू राहिलं, 2000 साली तिसरी आली आणि या अटी गेल्या. आपण खेळतो ती पाचवी, 2014 ची, पुस्तक घरी आहे, परत चाळलं, विझार्ड आणि पॅलाडिनच्या पानांवर रेसची (जमातीची) अट कुठेच नाही. हां, एखाद्या डीएमने (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) स्वतःच्या कॅम्पेनपुरती बंदी घातली तर त्याची मर्जी, पण रविवारच्या टेबलावर तशी काही नाहीये. तेव्हा तो मेसेज पुढे ढकलू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा, पोरं बिचारी कॅरेक्टर शीट खोडत बसलीत.