शिक्षेला दिवस मोजतात, 'सिक्युरिटी'ला कोण मोजतं?

कैद्याला एकटं किती दिवस डांबायचं याचा हिशोब इंग्रजांनीसुद्धा घालून दिलाय बरं का. १८९४ चा प्रिझन्स ॲक्ट काढून बघा, आत मारामारी केली, दंगा केला तर सुपरिंटेंडंट कोठडीत टाकू शकतो पण एका वेळी जास्तीत जास्त १४ दिवस, आणि परत टाकायचं तर मधे निदान तेवढेच दिवस जाऊ द्यायचे. (आणि हेच लोक तिकडे अंदमानात सेल्युलर जेल बांधत होते, असो.)

घोळ पुढे आहे. शिक्षा म्हणून टाकलं तर दिवस मोजायचे, पण 'सिक्युरिटीसाठी वेगळा ठेवलाय' असं कागदावर लिहिलं की मोजणी बंद! खोली तीच, कुलूप तेच. राजस्थानात किशोर सिंगच्या केसमध्ये तर कारणं काय, तर जेलमध्ये उगाच हिंडतो, उद्धट वागतो, हिस्ट्री तिकीट (कैद्याच्या नोंदींचा कागद) फाडलं. एवढ्यावर महिनोनमहिने एकटा!

आता बेळगावच्या हिंडलगा जेलमधली उमेशची केस घ्या. बलात्कार आणि खून, त्यात स्वतः आधी पोलिसात, दया यावी असं काहीच नाही. २००६ ला फाशी सुनावली आणि तेव्हापासून एकटा, दहा वर्षं. वास्तविक सुनील बत्रा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७८ लाच सांगितलं होतं की अपील, दयेचा अर्ज सगळं संपेपर्यंत असं वेगळं काढायचं नाही. याचा दयेचा अर्ज फेटाळला २०१३ ला, म्हणजे आधीची सात वर्षं सरळ बेकायदा. शेवटी २०२२ मध्ये सरन्यायाधीश लळितांच्या बेंचने फाशी रद्द करून जन्मठेप दिली, किमान ३० वर्षं. 'गुन्हेगारांचे लाड कशाला' म्हणणाऱ्यांनी खरं तर जेल प्रशासनावर चिडायला हवं, फाशी त्यांच्यामुळे गेली.

आणि उलट टोक बघायचं तर नागपूर जेलचा अंडा सेल, म्हणजे कडक बंदोबस्ताच्या एकट्याच्या कोठड्या. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून पकडलेले, व्हीलचेअरवरचे दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा तिथे राहिले, मार्च २०२४ ला हायकोर्टाने निर्दोष सोडलं, ऑक्टोबरमध्ये वारले.

कैद्यांना कसं वागवायचं याच्या युनोच्या मंडेला नियमांत एकटं ठेवायला सलग १५ दिवसांची मर्यादा आहे. आपल्याकडेही तेवढंच करा ना, नाव शिक्षा द्या नाहीतर सुरक्षा, सोळाव्या दिवशी बाहेरच्या जज्जने स्वतः कोठडीत येऊन कैद्याशी बोलायचं आणि पुढे ठेवायचं असेल तर कारण आपल्या सहीने लिहायचं. सुपरिंटेंडंटच्या सहीवर वर्षं काढायची नाहीत.