खुलासा : मोटर नुसती गुणगुणते म्हणजे ती जळलेलीच असते असं नाही

सुतारकाम करणाऱ्यांत एक समज पसरला आहे : जुनी रंधा मशीन किंवा कटर चालू केल्यावर मोटर गुणगुणली पण फिरली नाही, तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलं, रिवाइंडिंगला, म्हणजे नवी तार गुंडाळायला टाका. हे बरोबर नाही. या समजापायी चांगल्या मोटरी विनाकारण उघडल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

सिंगल फेज मोटरला सुरुवातीचा धक्का कंडेन्सर (कॅपॅसिटर) देतो. तो कमजोर झाला की मोटर जागेवरच गुणगुणते. दुसरा संशय सेंट्रिफ्युगल स्विचवर घ्या, म्हणजे मोटरने वेग घेतला की स्टार्टिंग वाइंडिंग (सुरुवातीपुरती गुंडाळी) तोडणाऱ्या स्विचवर. लाकडाच्या मशीनमध्ये त्याच्या पॉइंटांत बारीक भुसा बसतो आणि स्टार्टिंग वाइंडिंगला करंटच पोचत नाही. पॉइंट साफ केले की बऱ्याचदा काम होतं.

आधी प्लग काढा, पट्टा उतरवा. शाफ्ट हाताने जड फिरत असेल, तर दोष बेअरिंगचा. कंडेन्सर बल्बच्या दोन वायरी टेकवून रिकामा करा, मगच हात लावा. बंद मशीनमध्येही तो झटका देतो. मग मल्टिमीटरवर मोजा. त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा (क्षमतेचं एकक) आकडा बराच कमी आला, तर तेवढ्याच क्षमतेचा आणि व्होल्टेजचा नवा टाका.

थ्री फेज मोटर गुणगुणत असेल, तर एखादा फेज गेला आहे का ते पाहा. तशीच चालू ठेवली, तर मात्र वाइंडिंग खरंच जळतं.

जळकट वास, काळं पडलेलं वार्निश किंवा मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) बॉडीला लीकेज दिसलं, तर रिवाइंडिंग.